नाव सांगा, मग रडते

मखमलाबादेत कुणी गेलं की पहिला निरोप गोजराबाईला, मग नातेवाइकांना. एरवी झेंडूच्या पाट्या वाहणारी, भांडायला एक नंबर बाई. पण मयताच्या दारात हेल काढून रडावं तर तिनंच. दगडाला पाझर फुटायचा, आणि गावात दगडांचा काही तुटवडा नव्हता. तिचा नेम एकच. आधी विचारायचं: नाव काय, आवडीचं काय? बिननावाचं रडणं म्हणजे बिनमिठाचं पिठलं, असं ती म्हणे.

त्र्याहत्तर साली सिनेमावाल्यांनी इगतपुरीच्या भातखाचरांत बांगलादेश उभा केला. दोन वर्षांपूर्वीच्या लढाईत तिकडं गावंच्या गावं कापली गेली, त्यावर सिनेमा होता. रडायला बाया हव्या होत्या, मरायला बाप्ये. गोजराबाई रडायला गेली आणि तिच्या शेजारी फुलं विकणारा सहादू प्रेत झाला.

"रोना शुरू करो!" दिग्दर्शक ओरडला.

"कोन गेलंय? नाव काय?"

"नाम-वाम कुछ नहीं. लाश है."

"लाश तर दिसती. पन हाय कोनाची?"

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. शेवटी समोर जो पडला होता त्याच्याच नावानं तिनं सूर लावला, "सहादू रेऽ, माझं घमेलं नेलं, ते कुठं ठेवलं रेऽ!"

प्रेत ताडकन उठून बसलं. "मंगळवारीच दिलं की परत!"

तीनदा असंच झालं. मग बायांच्या तोंडाला राख फासणारा म्हातारा मेकअपवाला, निताईबाबू, पुढं आला. तो मूळचा तिकडचाच. त्यानं सहादूवर पांढरी चादर ओढली आणि हळूच म्हणाला, "पारुल बोलो. मेरी दीदी थी."

"आवडीचं काय तिच्या?"

"पानी. माँ बुलाती, फिर भी तालाब से बाहर नहीं आती थी."

कशी गेली, हे गोजराबाईनं विचारलं नाही. सगळ्या शिवारात तेच तर मांडलं होतं.

"नाम रहेगा ना, सिनेमा में?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"राहील, बाबा. शब्द देते."

मग ती जी रडली! "पारुल गंऽ, ये गं पान्याभाईर, आई हाका मारती गंऽ!" चादरीखालचं प्रेतसुद्धा हुंदके द्यायला लागलं. चादर गदगदा हलत होती, तरी दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला.

पुढच्या वर्षी सिनेमा नाशकात लागला. सगळी आळी टॉकीजला लोटली. तो प्रसंग आला, पडद्यावर गोजराबाईनं तोंड उघडलं आणि आतून सारंगी वाजली. नाव नाही, तळं नाही, नुसती सारंगी. तेवढ्यात हिरोनं बंदूक उचलली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

गोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला शब्द दिला होता तिनं. ती पदर खोचून उभी राहिली आणि भर टॉकीजमध्ये हेल काढला, "पारुल गंऽऽ!"

शिट्ट्या थांबल्या. डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला. "अहो बाई, खाली बसा! कोण गेलं तुमचं?"

"पारुल," गोजराबाई म्हणाली. "आई हाका मारायची, तरी पान्याभाईर येत नव्हती."

डोअरकीपरनं बॅटरी विझवली. मागच्या रांगेत सहादू पुन्हा रडायला लागला होता.