कोंडाजीचा आवाज

चिखलीच्या कोंडाजीला देवानं उंची दिली नाही. जमीन दिली होती, ती रस्त्यात गेली. पण आवाज असा दिला होता, की बैलगाडा शर्यतीच्या घाटात त्यानं माईकवर "बारी सुटलीऽऽ" अशी आरोळी ठोकली की बैलांच्या आधी माणसंच पळायला लागायची. दिवसभर तो एका वर्कशॉपात लेथ चालवायचा. पण कुणी धंदा विचारला तर ऐटीत सांगायचा, "आपण घाटातले निवेदक. लेथ काय, पोटापुरती."

मग ती महामारी आली आणि या गड्याच्या आवाजाला दृष्ट लागली. लोकांनी घरात बसावं म्हणून गावातून भोंग्याची गाडी फिरवायची ठरली. रेकॉर्डिंग दोन दिवसांत खरखरायला लागलं, तेव्हा कोंडाजी स्वतःच गाडीत चढला आणि महिनोन्‌महिने गल्लीबोळांतून ओरडत फिरला. "नागरिकांनो! विनाकारण घराबाहेर पडू नका! तोंडाला मास्क लावा! सहा फुटांचं अंतर ठेवा!"

रोग गेला हो, पण तो आवाज लोकांच्या हाडांत मुरला तो मुरलाच. कोंडाजीनं मंडईत "अर्धा किलो गवार दे" म्हटलं की भाजीवाली दोन पावलं मागं सरकायची. एका लग्नात यानं वऱ्हाडाला जेवायला बोलावलं, तर पंगतीत एकेक पाट सोडून माणसं बसली आणि निम्मं वऱ्हाड उपाशी ताटकळलं. घरातही तीच कथा. बायको इंद्रायणी वैतागून म्हणायची, "अहो, हळू बोला की जरा! तुम्ही चहा मागितला तरी माझा हात आपोआप साबणाकडं जातो."

यात्रेतल्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण यात्रा कमिटीनं माईक दिला खेडकडच्या एका भाडोत्री निवेदकाला. ते बेणं बैलांची नावंसुद्धा चुकीची घ्यायचं! कोंडाजी घाटाच्या पायथ्याशी तोंड मिटून उभा राहायचा. घरी आला की जेवायचा नाही.

यंदा पालिकेची निवडणूक लागली. प्रभागात दोन उमेदवार, रविराजदादा आणि जयमालाताई. दोघांनीही यात्रेला भरघोस देणगी दिलेली, दोघांनाही देवळापुढं सभा हवी. कमिटीचे अध्यक्ष सोपानराव पक्के बेरकी. त्यांनी दोघांना एकाच मांडवात बसवलं आणि विषय ठेवला, 'महामारीत सरकारनं काय केलं?' इतक्या वर्षांनी हे मढं कशाला उकरायचं, असं शहाणी माणसं म्हणाली. पण शहाण्या माणसांचं ऐकतो कोण? खेडच्या निवेदकानं राजकारणाच्या भानगडीत पडायला साफ नकार दिला, तेव्हा सोपानरावांना कोंडाजी आठवला.

"कोंड्या, सभा तू चालव. मांडव शेवटपर्यंत भरलेला राहिला, तर यात्रेचा माईक तुझा. आन् तुझ्या आवाजानं लोक पळाले, तर पुन्यांदा माईकचं नाव काढायचं न्हाई."

"चालतंय की," कोंडाजी म्हणाला आणि घरी येऊन ज्येष्ठमध चघळायला बसला. आठवडाभर त्यानं बारीक, गोड आवाज काढायचा सराव केला. इंद्रायणीनं कपाळाला हात लावला. "अगबाई! मला वाटलं, सासूबाई परत आल्या!"

सभेच्या दिवशी मांडव फुलून गेला. पहिल्या रांगेत सोपानरावांची आई, सावित्रीबाई, खुर्चीत बसवलेली. ऐंशी पार केलेली, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

आता यातली गंमत ऐका. महामारीत रविराजदादा सरकारच्या पक्षात होते आणि जयमालाताई विरोधात. मधल्या काळात दोघांनी एवढ्या उड्या मारल्या, की आता ते यांच्या पक्षात आणि या त्यांच्या! त्यामुळं टाळी कुठं वाजवायची, हे दोघांच्या कार्यकर्त्यांनाही कळेना.

"त्या सरकारनं जनतेला वाऱ्यावर सोडलं!" रविराजदादा गरजले. "खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता!"

"दादा, तवा तुमीच सरकारात व्हता की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"होतो, पण मनानं नव्हतो!"

जयमालाताई उठल्या. "आमच्या सरकारनं केलं तसं काम उभ्या जगात कुणी केलं नाही!"

"ताई, तवा तुमी सरकारच्या नावानं मोर्चा काढला व्हता!"

"तो अभिनंदनाचा मोर्चा होता!"

मांडव हसून लोटपोट झाला. मग दादांनी वाटलेल्या शिध्याचा विषय निघाला. पुड्यावर दादांचा फोटो डाळीपेक्षा मोठा होता, असं ताई म्हणाल्या. "आन् डाळ तर आजून शिजती हाय!" एका बाईनं बसल्या जागेवरून सांगितलं. दादांच्या पोरांना ते झोंबलं. शिवी गेली, उलट शिवी आली आणि बघता बघता दोन्हीकडच्या खुर्च्या हवेत उचलल्या गेल्या. बरोबर सावित्रीबाईच्या डोक्यावर.

"शांतता राखा हो," कोंडाजी आपल्या गोड आवाजात चिवचिवला. कुत्रंसुद्धा वळून बघेना.

म्हातारीला उठता येत नव्हतं. ती दोन्ही हात डोक्यावर धरून बसली होती. कोंडाजीला कळत होतं, की आपण खरा आवाज काढला तर मांडव रिकामा होणार आणि माईक कायमचा जाणार. पण तोंड आधीच उघडलं होतं.

"नागरिकांनोऽऽ! सहा फुटांचं अंतर ठेवाऽऽ!"

खुर्च्या धडाधड खाली पडल्या. हात नाकावर गेले. दादांनी पक्षाचं उपरणं तोंडाला गुंडाळलं, ताईंनी पदर, आणि दोघं दोन दिशांना पांगले. जनता आपापल्या घरात जाऊन कड्या लावून बसली. खुद्द सोपानराव तर सगळ्यांच्या आधी देवळाची कमान ओलांडून गेले होते.

मांडवात उरली एकटी सावित्रीबाई. कोंडाजी खाली उतरून तिच्या पायाशी बसला. "काकी, लागलं न्हाई न्हवं? गेला बघा माझा माईक."

"गप बस," म्हातारी म्हणाली. "त्या दिसांत सोपान्या मला वरच्या खोलीत कोंडायचा. ताट दाराभायेर. समदं गाव मेलं का काय, असं वाटायचं. मग तुझी गाडी यायची. घरात ऱ्हावा, घरात ऱ्हावा म्हून बोंबलायचास. मी म्हनायची, समदे घरात आन् ह्यो एकटा मुडदा भायेर. ह्याला काय झालं म्हंजी? मधी तुझी गाडी आली न्हाई, तवा माझ्या घशाखाली घास उतरंना."

"तवा मला ताप व्हता, काकी," कोंडाजी म्हणाला. त्याला रडू आलं, आणि गावभर ऐकू जाणाऱ्या त्या माणसाचं रडणं शेजारच्या खुर्चीलाही ऐकू आलं नाही.

एवढ्यात सोपानराव नाकाला रुमाल लावून परत आले. "कोंड्या, मांडव रिकामा झाला."

"मी बसलीया, ती दिसना का?" म्हातारी कडाडली. "आन् समद्यांच्या म्होरं कोन पळालं? तूच की! आईला टाकून! माईक ह्याला दे. न्हाई तर उद्यापास्नं माझं ताट परत दाराभायेर ठेव. मी हात लावनार न्हाई."

सोपानरावांनी रुमाल खिशात घातला.

यात्रेला कोंडाजी माईकवर उभा राहिला. "बारी सुटलीऽऽ!" दोन्ही बाजूंची गर्दी नाक धरून सहा फूट मागं सरली, आणि बैल मोकळ्या घाटातून असे सुसाट गेले, की एकही हौशी आडवा आला नाही. ही शिस्त आपल्यामुळंच लागली, असं दादांनी जाहीर केलं. ती आमच्या सरकारची देण आहे, असं ताई म्हणाल्या. दोघं तिथंच भांडायला लागले.

घाटाकडेच्या मंडपाखालच्या बाजेवर सावित्रीबाई बसली होती, नवं लुगडं नेसून. तिनं तोंडाशी हातांचा कर्णा करून हाक मारली, "कोंड्या, आता घरात ऱ्हावा म्हनू नगंस रं! मी भायेर आलीया!"

"न्हाई म्हनत, काकी!" कोंडाजी ओरडला. माईक चालूच होता, सगळ्या घाटानं ते ऐकलं, आणि एकेक करत लोकांनी नाकावरचे हात खाली घेतले.