ती पहिली गोळी माझी होती

फोन दुपारी आला. सुरतेच्या कापड मार्केटच्या गेटवर साड्यांच्या पार्सलांचा एक टेम्पो मागे घ्यायला लावत मी उभा होतो. "पप्पा गया, काका," भिकनदादांचा मुलगा योगेश गुजरातीत म्हणाला. दादा बमरोलीच्या मिलच्या गेटवर ड्युटीला होते. खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली गेली, संपलं... आदल्या संध्याकाळीच आम्ही नवागामच्या नाक्यावर चहा प्यालो होतो. फोन कानाशी तसाच धरून मी उभा राहिलो, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता ते कुणालाच कळणार नाही. सुटलो. दीड महिना होत आला. दादा गेल्याचा धक्का आहेच, पण माझ्याच मनात तो विचार आला, यातून मी अजून सावरलेलो नाही.

दादा आणि मी एकाच पलटणीत होतो. ते हवालदार, आमच्या तुकडीचे कमांडर; मी नवखा शिपाई. दोघंही खानदेशातले, त्यामुळे मला अहिराणीत शिव्या घालण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळाला होता. "सुक्या, बंदूक शे ती, नांगर नही! हलकी धर!" सीमेजवळच्या डोंगरात घात लावून बसायचं असलं, की निघण्याआधी ते प्रत्येकाकडून नियम वदवून घेत. माणूस नीट ओळखायचा. त्याच्या हातात हत्यार दिसलंच पाहिजे. आणि पहिली गोळी कमांडरची, नाहीतर त्याच्या इशाऱ्याची. त्याआधी कुणी घोड्याला बोट लावायचं नाही. घाईने झाडलेल्या गोळीने शत्रू सावध होतो आणि भलताच मरतो, असं ते म्हणत. घातीत बोलता येत नाही, म्हणून शेजारी बसणाऱ्या दोघांच्या मनगटांना एक दोरी बांधलेली असे. एक झटका म्हणजे कुणीतरी येतंय. दोन झटके म्हणजे थांब, हलू नकोस. "भीती वाटनी ते दोरी धर," दादा म्हणत, "दुसरा टोकले मी शे."

त्या पहाटे दुसऱ्या टोकाला तेच होते. धुकं एवढं, की दहा पावलांवरचं झाड दिसेना. थंडीने माझा हात बधिर झाला होता, दोरी मनगटात रुतत होती. दोनच मिनिटं हात चोळून घेऊ, म्हणून मी ती काढून गवतावर ठेवली. तेवढ्यात धुक्यातून एक आकृती आली, खांद्यावर काहीतरी लांब. मी गोळी झाडली.

तो एक म्हातारा होता. खांद्यावर जळणाचं लाकूड. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते.

दादा मागे वळले. माझी जागा पाहिली, गवतात पडलेली दोरी पाहिली. नंतर कळलं, त्यांनी दोन झटके दिले होते. जोरात. त्यांनी शिवी दिली नाही. खाली बसले, माझा हात ओढला आणि दोरी पुन्हा माझ्या मनगटाला बांधली. गाठ पक्की केली. साहेब आले तेव्हा दादा म्हणाले, "फायरचा इशारा मी दिला. ओळखण्यात मी चुकलो." पुढे चौकशीत मला विचारलं, इशारा मिळाला होता? मी म्हणालो, "मिळाला होता, साहेब."

दादांची बढती थांबली. पेन्शन घेऊन ते भावांपाठोपाठ सुरतेला आले, आणि काही वर्षांनी मीही आलो; तीन गल्ल्या सोडून राहिलो. इतक्या वर्षांत मी एकदाच विचारलं, का केलंत? कपातला चहा फिरवत ते म्हणाले, "गाठ तपासानं काम मनं व्हतं, तुनं नही. आते चहा पे." मी प्यालो. मला वाटायचं, निदान घरी तरी त्यांनी खरं सांगितलं असेल.

सांगितलं नव्हतं. ते मला त्यांच्या जाण्याआधी पंधरा दिवस कळलं. मी त्यांच्याकडे बसलो होतो. योगेशने गल्लीत कुणाच्या तरी सायकलला मोटारसायकल घासली होती, म्हणून दादा त्याला बोलत होते. "समोर बघून चालवत जा रे." योगेश फणकारला, "तुम्ही बघून गोळीचा इशारा दिला होता का, पप्पा? त्या म्हाताऱ्याला विचारा ना!" दादांची ती चूक पलटणीतून गावात आणि गावातून गल्लीपर्यंत पोचलेली होती. दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी खारी चहात गळून पडली आणि मी मान खाली घालून ती चमच्याने काढत बसलो... त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं, ते बंदच राहिलं.

गेल्या रविवारी मी दादांच्या घरी गेलो. उंबऱ्यातच उभं राहून योगेशला सगळं सांगितलं, दोरीपासून. मी वाट पाहत होतो की तो मारेल. त्याने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना, काका? मी पप्पांना बोललो तेव्हा?"

"होतो."

"चहा पीत होतात."

"हो."

आतून निर्मलावहिनी आल्या. "काय झालं रे? भाऊंना बाहेर का उभं केलंस?" योगेशने आत बोट दाखवलं. कोपऱ्यात दादांची खुर्ची अजून तशीच आहे, भिंतीला पाठ, दाराकडे तोंड. घरातसुद्धा ते तशीच ठेवत; वहिनी झाडताना हलवायच्या, ते येऊन पुन्हा वळवायचे. "बसा तिथे," योगेश म्हणाला. "आणि आईला सांगा. मग ज्याला ज्याला माहीत आहे, त्या सगळ्यांना."

मी बसलो. वहिनी समोर जमिनीवर टेकल्या, पदर सावरून, एखाद्या पाहुण्याचं ऐकावं तसं. त्या खुर्चीतून सगळी गल्ली दिसते. येणारा प्रत्येक माणूस दिसतो, अगदी चेहऱ्यासकट.