ओढ्याच्या अलीकडे

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या घरात बूट घालत होतो. ट्रेन गाठायची घाई. फोनवर ग्वेन, म्हणजे माधवची वेल्समधली शेजारीण, सत्तरीची मेंढपाळ बाई. आधी ती पावसाबद्दल बोलली, मग मेंढ्यांबद्दल आणि मग म्हणाली, काल सकाळी माधव खुर्चीत बसलेलाच सापडला... एका पायात बूट, दुसरा हातात. मी माझ्या पायांकडे पाहिलं. माझीही तीच अवस्था होती. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही.

माधव माझा पुण्याचा, शाळेपासूनचा मित्र. पायाला भिंगरी. ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता, कंटाळला. बर्मिंगहॅमला गेला, तिथेही कंटाळला. मधली दोन वर्षं हॅरोत माझ्या डोक्यावर मिरी वाटायला होता. लग्न टिकलं नाही, घरं टिकली नाहीत. विंचवाचं बिऱ्हाड नुसतं. मग लवकर रिटायर होऊन त्याने वेल्सच्या त्या गावात छोटं घर घेतलं. गाव कसलं, एक चॅपल, एक पब, पंधरा-वीस दगडी घरं आणि वर उघडा डोंगर. मी म्हटलं, सहा महिने. फार तर आठ!

पण दोन हजार एकच्या लाळ-खुरकताच्या साथीत सरकारी हुकमाने ग्वेनचा सगळा कळप मारावा लागला. पुढे तिने नव्या मेंढ्या आणल्या आणि खरी पंचाईत झाली. त्या डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कुठली हे मेंढी आपल्या पिल्लाला शिकवते, ते पिल्लू पुढे आपल्या पिल्लाला. ती साखळीच तुटलेली. नव्या मेंढ्या खुशाल ओढा ओलांडून दुसऱ्या डोंगरावर! कुणीतरी रोज ओढ्याकाठी जाऊन त्यांना परतवायचं, त्या शिकेपर्यंत, वर्षानुवर्षं. ग्वेनचे गुडघे गेलेले. मग हे काम घेतलं कुणी? ज्याला स्वतःचा एक पत्ता कधी धड पाठ झाला नाही, त्याने!

मी गेलो की मलाही वर ओढायचा. घोट्यापर्यंत चिखल, काटेरी झुडपं, वाऱ्याने कानशिलं बधिर. हा हातात काठी घेऊन अस्सल पुणेरीत ओरडायचा, "ए भवाने, कुठे निघालीस? मागे फिर!" आणि फिरायच्याही हो! गेल्या वर्षी हार्टचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलजवळ राहा. मी बर्मिंगहॅमला फ्लॅट बघून ठेवला आणि त्याला फोन केला.

"येतो रे सुऱ्या. ह्या एकदा आपणहून थांबल्या की येतो."

"मेंढरांपायी जीव देणार आहेस का, गाढवा?"

एरवी हसला असता. म्हणाला, "मला कुणी असं ओढ्यापाशी अडवलं असतं ना..." मी चिडून फोन ठेवला. अजूनही चिडलेलोच आहे.

मागच्या आठवड्यात त्याचं घर आवरायला गेलो. काही आवरेना. नुसता या खोलीतून त्या खोलीत. दाराशी ते बूट, शेजारी काठी. ग्वेनला विचारलं, मेंढ्या कशा आहेत? ती म्हणाली, तो गेल्यापासून वर कुणीच गेलेलं नाही. तिला बघायला जायचं धाडस नव्हतं. मी काठी उचलली आणि निघालो. डोकं भणभणत होतं. सगळ्या पांगल्या असतील तर ह्या माणसाने जीव घालवला कशासाठी?

धापा टाकत ओढ्यापाशी पोचलो. पलीकडचा डोंगर रिकामा होता. सगळ्या अलीकडे चरत होत्या. तेवढ्यात यंदाचं एक कोकरू पार पाण्यापर्यंत गेलं. मी काठी उगारली, ओरडायला तोंड उघडलं... आणि माझ्याआधी त्याची आई ओरडली. कोकरू वळलं, धावत तिच्या पोटाशी गेलं. मी तिथेच चिखलात फतकल मारून बसलो आणि हमसून हमसून रडलो.

काठी आता हॅरोत आमच्या दारामागे आहे. सकाळी बूट घालताना हात आधी तिच्याकडेच जातो. थांबल्या रे मध्या, आपणहून थांबल्या. आता ये.