मस्कतवाल्याची बाग

त्या सकाळी बागेत जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तारांवर द्राक्षांचे वेल पसरले होते, घड लोंबत होते, पण पानं मलूल होऊन खाली वळली होती. वाकून पाहिलं तर प्रत्येक वेल बुडाजवळ कापलेला.

सत्तरच्या दशकाची अखेरची वर्षं. मी पलूस भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. फिर्यादी बाईचा नवरा मस्कतला वेल्डर होता. आखातात गेलेला गावातला पहिलाच माणूस. तिथला पगार जन्मभर पुरणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून परत येण्याआधी त्याने विहीर पाडून घेतली, बाग धरली. बागेचं हे पहिलंच पीक. बाईसोबत तिचा धाकटा दीर आला होता. बाग त्याच्याच देखरेखीखाली होती. बाई बोलत होती, तो भिंतीला टेकून गप्प उभा होता.

अशा नुकसानीच्या प्रकरणात मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करता येत नसे. ती घेऊन मी पंचनाम्याला गेलो. निम्मं गाव जमलं होतं. हळहळ सगळ्यांच्या तोंडी होती, डोळ्यांत फार थोड्यांच्या. माझे हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, हिचा नवरा रजेवर आला की सोनेरी पट्ट्याचं घड्याळ घालून चावडीपुढं बसायचा. बायकूच्या अंगावर नायलॉनची साडी. गावाला कसं सोसंल?"

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. बांधाशेजारच्या शेतकऱ्याने बाजारात चारचौघांत म्हटलं होतं, "बघतो, ह्यो मस्कतवाला द्राक्षं कशी खातोय!" त्याला ठाण्यात बोलावलं. तो घाबरला, पण अडखळला नाही.

"बोललो साहेब, खोटं कशाला सांगू? जळतंय माझं. आमच्या पोराला फौजेत खांद्याला बंदूक लावून जे मिळत न्हाई, ते ह्येला लोखंड चिकटवून मिळतंय. पण त्येच्या इहिरीचं पानी माझ्या उसाला येतंय. बाग मोडली तर माझा ऊस कोन भिजवणार?"

जो माणूस आपला मत्सर उघड बोलून दाखवतो, तो सहसा हात उचलत नाही, हा माझा अनुभव होता. मी त्याला जाऊ दिलं आणि बाईचा जबाब पुन्हा घेतला. सकाळी बागेत पहिल्यांदा कोण गेलं, काय दिसलं, बारीकसारीक विचारलं.

ती म्हणाली, "मीच गेले. झापा उघडला नि आत बघितलं तर..."

"झापा लावलेला होता?"

"व्हय. तारंचा पिळा घालून. उघडा ऱ्हायला की शेरडं शिरत्यात न्हवं?"

बागेचा सत्यानाश करून जाणारा वैरी शेरडं शिरू नयेत म्हणून फाटक कशाला लावेल? ते रोजच्या सवयीच्या हाताचं काम होतं. तो हात कुणाचा, हे मला कळलं, कारण कळेना. मी विचारलं, "आदल्या दिवशी घरात काही भांडण?"

"न्हाई वं. उलट सगळी खुशीत हुती. मालकांची कॅसेट आली हुती."

मस्कतहून येणाऱ्या कुणाबरोबर तो आपल्या आवाजाची कॅसेट पाठवायचा आणि सगळी आळी टेपभोवती बसून ऐकायची. मीही ऐकली. दोन वर्षांत कायमचा परत येणार, बंगला कुठे बांधायचा, थोरल्या मुलाला इंजिनीअर करायचं, मुलीचं लग्न साताऱ्याकडे, बाग स्वतः बघणार. आईच्या गुडघ्यांची चौकशी होती. पाहुण्यांची, म्हशीचीही होती. धाकट्या भावाचं नाव कुठेच नव्हतं.

मी त्याला ठाण्यात नेलं नाही. बागेतच, कापलेल्या वेलांमध्ये बसवलं.

"झापा तू लावलास."

त्याने कापलेल्या बुडावरची माती हाताने सारली. मग म्हणाला, "पोटच्या पोरावानी वाढवली साहेब. उन्हाळ्यात घागरीनं पानी घातलं. येनारा-जानारा काय म्हनायचा? मस्कतवाल्याची बाग! मी कोन, तर राखन्या. तेबी सोसलं. पन त्या दिवशी सगळ्या आळीदेखत त्यो सांगतोय, बाग मी बगनार. मंग मी कुटं जायाचं? म्हशीची सुदीक इचारपूस केली त्येनं."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"कुनासंगट बोलू? कॅसेटसंगट?"

पुढे तो ढसाढसा रडला. मी जबाब नोंदवला, वॉरंट काढून अटक केली, जामीन झाला. तार मिळताच थोरला भाऊ मस्कतहून आला. ठाण्यात माझ्यासमोर भावाच्या अंगावर धावून गेला, मग मध्येच थांबला. "तुला मी वाऱ्यावर सोडला असता व्हय रं?" त्याने विचारलं.

"मला काय म्हाईत? तू कवा बोललास?"

भावासाठी थोरल्याच्या मनात काही गुप्त योजना होती, असंही नव्हतं. परदेशात बसून त्याने सगळ्यांचं आयुष्य आखलं, आणि जो माणूस ते आखलेलं उभं करत होता त्याचा विचारच राहून गेला. खटला तडजोडीत मिटला. निम्मी बाग धाकट्याच्या नावावर झाली. पण घराच्या मधोमध भिंतही आली.

पुढे पासपोर्टच्या चौकशीसाठी आखातात निघालेले बरेच तरुण माझ्याकडे येत. कागद तपासून झाल्यावर मी एक जादा प्रश्न विचारायचो, "मागे शेत कोण बघणार?" उत्तर ठरलेलं असे, "भाऊ हाय की." मी म्हणायचो, "त्याला घेऊन ये." नियमात असलं काही नव्हतं, पण फौजदाराला कोण नाही म्हणणार?

असाच एकजण फलटणला माझी बदली झाल्यावर भावाला घेऊन आला. मी त्या भावाला विचारलं, "हा गेल्यावर तुझं काय ठरलंय?"

त्याने एकदा भावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, मलाबी जायचंय. पन आजवर कुनी इचारलंच न्हाई."