वकीलसाहेबांचा आरसा

पेट्रोलचा वास, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आणि त्यात मिसळलेला आल्याच्या चहाचा वास, हे तिन्ही एकत्र आले की नांदेडच्या आमच्या घरात रविवार उजाडतो. पोर्चमधली दुधी रंगाची अँबॅसडर आधी दोन-तीनदा खोकते, मग गुरगुरते, आणि मग तिचा तो संथ, पोटातून येणारा सूर लागतो. खिडकीची तावदानं किंचित थरथरतात, पारिजातकाखाली टिपायला उतरलेले होले उडून कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसतात, आणि मी न सांगता आधण वाढवते.

हे गेले, तेरावा झाला, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी हाच सूर कानावर आला, तेव्हा मी देवापुढे बसले होते. हातातली पळी तशीच टाकून मी पोर्चकडे धावले. मन किती वेडं असतं आणि एका ओळखीच्या आवाजावर ते कशाकशावर विश्वास ठेवायला तयार होतं, हे त्या धावण्यात मला कळलं. स्टीअरिंगमागे काझी सर बसले होते. कंधारच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, यांचे जुने दोस्त. इंजिन चालू ठेवून ते रुमालाने डोळे पुसत होते. मला पाहून खाली उतरले आणि मान खाली घालून म्हणाले, "माफ करा वहिनी. आमच्यात रिवाज आहे. कुणाच्या घरी असं झालं तर त्याची गाडी आम्ही मुकी पडू देत नाही. गाडीला काय मालूम, मालक गेला म्हणून."

खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा रागच आला होता.

यांच्या या गाड्यांच्या क्लबवर माझा राग तसा जुनाच. नांदेड आणि लातूरकडची ही जुन्या गाड्या पाळणारी मंडळी. कुणी डॉक्टर, कुणी तेलाच्या घाण्याचा मालक, कुणी शेती सांभाळून हे वेड जोपासणारा. महिन्यातून एकदा नदीकाठच्या मैदानात जमायचं, सगळ्यांनी आपापली बॉनेटं उघडायची आणि एकमेकांच्या इंजिनांपुढे डोळे मिटून उभं राहायचं. घरातली साखर कोणत्या डब्यात असते हे ज्यांना कधी कळलं नाही, ते दुसऱ्याच्या गाडीतला एखादा सैल स्क्रू नुसत्या कानाने शोधत. हेही त्यातलेच. कोर्टात काळ्या कोटाची घडी मोडू न देणारा हा माणूस रविवारी बनियनवर गाडीखाली आडवा असायचा, आणि सोमवारी पानावर बसला तरी नखांतला काळा रंग निघालेला नसायचा. मी कुरकुर करायचे. ते हसायचे आणि आणखी एक पोळी मागायचे.

पण ते रविवार थांबले नाहीत. कधी काझी सर, कधी देगलूरचे इरण्णा शेटजी, कधी आणखी कुणी. इरण्णा डाळीचे व्यापारी, जुन्या जीपचे मालक, अंगाने भरलेले आणि आवाजाने त्याहून. आपली पाळी असली की ते उजाडतानाच हजर. पोर्चमधल्या खिळ्यावरची किल्ली घ्यायची, ताडपत्री काढून तिची नीट घडी घालायची, पाणी, ऑइल बघायचं, आणि गाडी गरम होईपर्यंत तिच्याशेजारी उभं राहायचं, आजाऱ्याच्या उशाशी उभं राहतात तसं. मग चहा घेऊन निघून जायचं. 'काही लागलं तर सांगा' असं त्यांच्यापैकी कुणीही मला कधी म्हटलं नाही. सांत्वनाच्या शब्दांनी मी तेव्हा इतकी थकले होते, की त्यांचं ते न बोलणंच हळूहळू मला बरं वाटू लागलं.

दरवर्षी माघात या मंडळींचं लातूरला प्रदर्शन भरतं, आणि तिथे गाड्या ट्रकवर चढवून न्यायच्या नाहीत, आपल्या पायांनी जायचं, असा त्यांचा दंडक आहे. सगळ्या गाड्या एका रांगेत निघतात. रांगेतली प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि गाडी चालवणारा त्याच घरचा लागतो. आमची जागा दुसरी, काझी सरांच्या हेराल्डच्या मागे आणि इरण्णांच्या जीपच्या पुढे. हे गेल्यावर दोन वर्षं ती गाडी पोर्चमध्येच राहिली. मला पुष्कळ उशिरा, आणि तेही बोलण्याच्या ओघात, कळलं की त्या दोन्ही वर्षी नांदेडपासून लातूरपर्यंत हेराल्ड आणि जीप यांच्यामध्ये एका गाडीची जागा रिकामी ठेवली होती. मध्ये एसटी घुसायची, उसाचे ट्रॅक्टर घुसायचे. ते पुढे गेले की इरण्णा पुन्हा तेवढंच अंतर सोडायचे. हे ऐकलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले.

त्याच सुमारास माझी मुलगी अनघा हैदराबादहून आली होती. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "आई, हे लोक किती वर्षं येणार? त्यांचीही वयं झालीत. गाडी गंजून जाण्यापेक्षा नीट सांभाळणाऱ्याकडे जाऊ दे." तिच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, गाड्यांचे खरे शौकीन. मी होकार दिला, पण एक अट घातली. ही एकदा लातूरला जाईल, रांगेत, आपल्या जागेवर. गृहस्थांनी तिथे येऊन बघावी आणि पसंत पडली तर तिथूनच घेऊन जावी. अनघाने विचारलं, "पण चालवणार कोण?" घरात उरले होते एक मी, आणि मला तर सायकलही धड येत नव्हती.

साठी ओलांडलेल्या बाईला गाडी शिकवायची म्हणताच क्लबात उत्साहाचं उधाण आलं. विष्णुपुरीकडच्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळच्या कोवळ्या उन्हात माझी शिकवणी सुरू झाली. या गाडीचा गिअर स्टीअरिंगलाच, क्लच जड, आणि पुढची अखंड सीट यांच्या उंचीप्रमाणे मागे सरकवलेली. ती पुढे ओढावी तर खालची पट्टी जाम. म्हणून पाठीशी दिवाणावरचा लोड आणि खाली गोधडीची घडी, अशा थाटात मी विराजमान झाले. पहिल्याच दिवशी मी वरच्या आरशाकडे हात नेला. त्यात मला फक्त गाडीच्या छताचं कापड आणि मागच्या काचेच्या वरच्या कडेतून आभाळाची एक चिरी दिसत होती. शेजारी बसलेले काझी सर एकदम म्हणाले, "राहू द्या वहिनी. वकीलसाहेबांनी लावलेला आहे."

माझा हात खाली आला. तेव्हा उमगलं की इतके रविवार इतकी माणसं त्या सीटवर बसून गेली, गाडी पुसून गेली, पण त्या आरशाला एकानेही हलवलेलं नव्हतं. काच पुसायची तीही मागून बोटाचा आधार देऊन, त्याचा कोन बदलू नये म्हणून. आणि मला मागचं दिसत नाही यावर त्या थोर मंडळींनी जो तोडगा काढला, तो त्यांनाच सुचू शकतो. त्यांनी इरण्णांना मागच्या सीटवर उलट तोंड करून गुडघ्यांवर बसवलं. एवढा मोठा व्यापारी तिथून मला वर्दी द्यायचा, "वैनी, ट्रक येऊन राह्यला. येऊ द्या त्याला. तुमी निस्तं समोर बघा, मागं आमी हाव." मी हसू दाबत गाडी चालवायला शिकले. लायसनही मिळालं. त्या परीक्षेपुरता मी क्लबच्या नकळत बाजूच्या दारावर एक छोटा आरसा लावून घेतला होता, तो नजरेस पडताच झालेला काझी सरांचा चेहरा बघून घरी येताच काढून ठेवला.

निघण्याच्या दिवशी थंडी छान होती. काझी सरांनी हेराल्ड सुरू केली, मी त्यांच्यामागे, माझ्यामागे जीप, आणि मग बाकीच्या. गाडीत घरचंच माणूस बसायचं हा रिवाज, त्यामुळे मागची सीट आज रिकामी होती. लोहा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना करडईची शेतं लागली. पिवळ्यावर केशरी छटा आलेली ती काटेरी फुलं, मध्ये हरभऱ्याचा ओलसर आंबट वास, आणि कुठल्यातरी बांधावर भाजल्या जाणाऱ्या हुरड्याचा धूर. पुढची सगळी दुनिया मला दिसत होती. मागची मात्र अजिबात नाही.

माळाकोळीच्या अलीकडे मागून एक लांबलचक हॉर्न वाजला. ट्रक असेल, एसटी असेल, की इरण्णांचीच काही खूण असेल? मी वर पाहिलं. छताचं कापड आणि आभाळाची चिरी. हॉर्न पुन्हा वाजला, आणखी जवळून. मी गाडी डावीकडे घेतली, चाक कच्च्यावर उतरलं, गाडी कलली, आणि घाबरून क्लच सोडताच एक हिसका देऊन बंद पडली. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बाजूने, अगदी दाराला घासून जावा असा गेला. बॉनेटपलीकडे पावलाभरावर चर होता.

सगळी रांग थांबली. पुढे हेराल्डही थांबली. आणि कुणीही खाली उतरलं नाही. हाही त्यांचा रिवाज. गाडी थांबली तर चालवणाऱ्याने हात बाहेर काढून बोलावल्याशिवाय कुणी धावत यायचं नाही, त्याला आणि त्याच्या गाडीला दम घेऊ द्यायचा. त्या शांततेत मी स्टीअरिंग धरून बसले आणि मला यांचा भयंकर राग आला. इतकी उंची कशाला हवी होती माणसाला? आणि हवी होती तर मग जायचं कशाला होतं? मी ते मोठ्याने बोललेसुद्धा. दोन वर्षांत मी त्यांच्याशी भांडले नव्हते. त्या दिवशी करडईच्या शेताशेजारी कडकडून भांडले.

मग मी हात वर केला आणि आरसा धरला. तो हलेना. मी जोर लावला तेव्हा एक बारीकसा आवाज झाला आणि तो माझ्याकडे वळला. आधी त्यात माझेच रडवेले डोळे दिसले. आणखी थोडा फिरवला आणि मागचा रस्ता आत आला. झेंडूची माळ घातलेली जीप, तिच्यामागे निळी पद्मिनी, तिच्यामागे आणखी गाड्या, आणि प्रत्येक काचेमागे स्टीअरिंगवर हात ठेवून बसलेला एकेक पिकला माणूस. ही सगळी माणसं माझ्यामागे होती, हे मला माहीत होतं. पण ती दिसली त्या दिवशी.

गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा काझी सर खिडकीशी आले. बोलायला वाकले आणि त्यांची नजर आरशावर गेली. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार. ते त्याच्याकडे बघतच म्हणाले, "आमच्याच्यानं नसतं झालं हे, वहिनी." इरण्णा मात्र चहाची बशी ओठाशी नेता नेता थांबले. "म्या मागून बघून राह्यलो ना. दोन वर्सं त्या आरशात कुनी दिसत नव्हतं. आज तुमचं तोंड दिसलं. लई बरं वाटलं."

लातूरला कॉलेजच्या मैदानावर गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. ऊन चढलं तशी गर्दी वाढली. फोटो काढणारी कॉलेजची पोरं होती, लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप होते. नऊवारीतल्या एका म्हाताऱ्या बाईने आमच्या गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "असल्याच गाडीत सासरी आले व्हते मी. उलटी झाली व्हती मला." आम्ही दोघी हसलो. त्या गर्दीकडे आणि तिच्यात फडकं घेऊन बॉनेटवरची बोटांचे ठसे न कंटाळता पुसणाऱ्या क्लबच्या मंडळींकडे बघताना माझ्या मनातली जुनी कुरकुर कुठे गेली कुणास ठाऊक. एखादी गोष्ट टिकवायची म्हणजे ती रोज थोडी थोडी करत राहायची, एवढंच हे लोक करतात. आणि तेवढं करणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

दुपारी अनघा आली, तिच्याबरोबर ते गृहस्थ. माणूस सभ्य, जाणकार. त्यांनी आधी गाडीला लांबून एक फेरी घातली, मग बॉनेट उघडून मनापासून दाद दिली. "आत बसू का?" असं विचारूनच ते बसले. लोड बाजूला ठेवला, पाय लांब केले. सीट त्यांना अगदी बरोबर झाली. स्टीअरिंगवरून हात फिरवला आणि सवयीने, काही मनात न ठेवता, त्यांनी आरशाकडे हात नेला.

"तेवढा राहू द्या," मी म्हणाले. "माझ्या उंचीला लावलाय."

त्यांचा हात तिथेच थांबला. अनघा माझ्याकडे बघत राहिली. माझा आवाज मलाही ओळखीचा वाटला नाही. त्यात विनंती नव्हती. गृहस्थ हळूच खाली उतरले, दार हलक्या हाताने लावलं आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "या गाडीला चालवणारं माणूस आहे ताई," एवढंच म्हणाले.

उन्हं कलली तशी परतीची रांग लागू लागली. विकायची की नाही, याबद्दल मी कुणालाच काही म्हटलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. अनघा पलीकडचं दार उघडून माझ्याशेजारी येऊन बसली आणि पडलेला लोड तिने माझ्या पाठीशी नीट लावून दिला. पुढे हेराल्ड सुरू झाली. मी किल्ली फिरवली आणि निघण्याआधी, इरण्णा आले का, ते आरशात पाहिलं.