दातकरच्या फौजेचे डोळे

दातकर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. तो कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता, म्हणून तिथल्या कुणीतरी त्याला ते चिकटवलं आणि ते इतकं पक्कं बसलं की पुढे सासरचे लोकही त्याला तसंच म्हणू लागले. दिवसभर तो खिडकीशेजारच्या टेबलावर मेणात दात रोवायचा, कानशीने घासायचा आणि दाताचा रंग माणसाच्या वयाला शोभतो की नाही ते उजेडात धरून बघायचा. म्हातार्‍या माणसाला तरण्याताठ्या पोराचे पांढरेशुभ्र दात बसवले की तो हसताना खोटा दिसतो, असं त्याचं ठाम मत होतं. स्वतःच्या खोटेपणाबद्दल एवढं ठाम मत बनवायला मात्र त्याला बरीच वर्षं लागली.

त्याला एक नाद होता आणि त्या नादाची त्याला मनापासून लाज वाटायची. तो सैनिक बनवायचा. प्लास्टिकचे, करंगळीच्या अर्ध्या उंचीचे. डबा आणला की आत साच्याच्या काड्यांना लटकलेले हात, पाय, धडं, भाले आणि घोड्यांची डोकी असत. ती कापायची, घासायची, चिकटवायची, वर करड्या रंगाचा पहिला हात द्यायचा आणि मग चिलखत, पट्टे, बूट, लगाम असं एकेक रंगवत बसायचं. अशा तुकड्यांमागून तुकड्या उभ्या करून फौज वाढवायची आणि रविवारी क्लबात जाऊन दुसऱ्या कुणाच्या फौजेशी भल्यामोठ्या टेबलावर लढायचं, पट्टीने अंतर मोजत आणि फासे टाकत. क्लब म्हणजे रंगाच्या दुकानावरचा एक हॉल. नियम एकच: फौज ज्याची त्याने स्वतः रंगवलेली हवी. करड्या, न रंगवलेल्या सैनिकाला टेबलावर जागा नाही.

पहिला डबा आपण मुलासाठी आणला, असं दातकर सांगायचा. मुलाने कसाबसा एक घोडा जोडला, बोटं एकमेकांना चिकटली म्हणून भोकाड पसरलं आणि चेंडू घेऊन बाहेर पळाला. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, परगावी बिऱ्हाड करून राहिला, तरी घरात डबे मुलासाठीच येत राहिले.

पाहुणे यायचे म्हटलं की दातकर डबे पलंगाखाली सरकवू लागायचा. एवढा बाप्या माणूस सोजीर खेळतो, हे चारचौघांत कळलं तर काय? पण त्याची बायको खमकी होती. ती घरी रफूचं काम करायची. कुणाचा कोट सिगरेटने जळलेला, कुणाची शाल उंदराने कुरतडलेली. तिच्या हातून गेलेलं भोक नंतर मालकालाही सापडायचं नाही. दार वाजलं की ती टेबलावर चादर टाकायची आणि सांगायची, "लॅबचं काम आहे. ओलं आहे, हात नका लावू."

एकदा तिचा भाऊ आला आणि बसल्या बसल्या त्याने खुर्चीखालून एक घोडा उचलला.

"काय हो दातकर, आता घोड्यांनाही कवळ्या बसवता की काय?"

दातकर कानापर्यंत लाल झाला. बायकोने घोडा भावाच्या हातातून काढून घेतला. "नमुना आहे तो," ती म्हणाली. "आणि तू तुझ्या दातांचं बघ आधी, पुढचे दोन हलायला लागलेत." भाऊ घाईघाईने तोंडाला हात लावून बघू लागला आणि घोड्याचा विषय तिथेच मिटला.

तर सांगायचं असं, की झाकापाक करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दातकरचं चिलखत चकचकीत असायचं, घोडे देखणे असायचे. घोडं अडायचं ते चेहऱ्यावर. तो आधी चेहऱ्याला कातडीचा रंग द्यायचा आणि मग त्यावर पांढरा ठिपका आणि त्यात काळा ठिपका असे डोळे काढायचा. सगळी फौज डोळे वटारून उभी. बायको एकदा चष्मा पुसत टेबलाशी आली आणि हसतच सुटली.

"अहो, ही लढायला निघालीय का भूत बघून आलीय?"

"तू काढून दाखव मग," दातकर चिडून म्हणाला.

तिने खुर्ची ओढली, रफूचा भिंगाचा दिवा जवळ घेतला आणि एक करडा चेहरा उचलला. आधी दोन्ही डोळ्यांच्या जागी पांढऱ्याची पुसटशी रेघ, त्यात गडद टिंब. ते थोडं इकडेतिकडे गेलं तरी तिने पर्वा केली नाही. मग कातडीचा रंग घेऊन तो चहूबाजूंनी हळूहळू डोळ्यांच्या कडेपर्यंत आणला. जास्तीचं सगळं त्याखाली गेलं आणि उरली ती एका दमलेल्या माणसाची नजर.

"आधी डोळे करून घ्यायचे," ती म्हणाली. "चुकलं तर वरून कातडी आणून झाकता येतं. चुका झाकणं हाच तर माझा धंदा."

तेव्हापासून कामाची वाटणी झाली ती झालीच. जोडणी, चिलखतं, घोडे दातकरचे. चेहरे तिचे. दुपारी हातातली शाल संपली की ती खिडकीशी बसायची आणि दोनचार चेहरे उरकायची. तिने त्यांना माणसांचेच चेहरे दिले. निशाण धरणारा म्हणजे तिचे वारलेले वडील, तोच खालचा ओठ पुढे काढून. नगारेवाल्याला शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या भुवया होत्या. भालाइतांच्या रांगेत दातकरची आई सापडली, तेव्हा तो पोट धरून हसला. "सासूबाईंच्या हातात भालाच शोभतो," बायको शांतपणे म्हणाली.

एका डब्यात एक विचित्र स्वार निघाला. त्याची मान सरळ बसेचना. घोडा पुढे निघालेला आणि स्वार खांद्यावरून मागे वळून बघतोय, अशीच त्याची घडण होती. दातकर तो टाकून देणार होता. बायकोने ठेवून घेतला आणि रंगवून त्याच्यासमोर धरला. नाक दातकरचं, भुवया दातकरच्या.

"हे तुम्ही."

"मी काय पळपुटा आहे मागे बघायला?"

"पळतोय कुठे? मागचे येतायत ना, ते बघतोय."

दातकरला बरं वाटलं. त्याने तो स्वार पहिल्या रांगेत लावला.

खोटेपणा सुरू झाला तो क्लबात. एका रविवारी समोरच्या खेळाडूने त्याचा निशाणवाला उचलून उजेडात धरला आणि बाकीच्यांना हाक मारली. "अरे, इकडे या! दातकरांनी डोळे बघा कसले जिवंत काढलेत!" माणसं गोळा झाली. त्या वेळी "बायकोने काढलेत" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागणार होता? पण नियम आठवला. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या सैनिकांकडे बघून कुणी हसत नव्हतं. "दातांवर काम करून करून हात बसलाय," तो म्हणाला. शब्द इतके सहज निघाले की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. नंतर ते दर रविवारी निघू लागले. लोक त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणि तो चढायचा.

घरी आला की बायको विचारायची, "काय म्हणाले?"

"आवडले," तो म्हणायचा आणि बूट काढायला खाली वाकायचा.

क्लबाचं वार्षिक प्रदर्शन असायचं आणि सगळ्यांत सरस फौजेला चषक मिळायचा. त्या वर्षी परीक्षक म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या, संग्रहालयातल्या जुन्या मूर्तींचे रंग दुरुस्त करणाऱ्या. दातकरने सगळी फौज टेबलावर मांडली आणि खिसे चाचपले, तर जवळचं बघायचा चष्मा घरीच राहिलेला. त्याने घरी फोन केला. बायको हातातलं काम टाकून बसने आली. ती हॉलमध्ये शिरली तेव्हा परीक्षकबाई त्याच्याच टेबलाशी वाकलेल्या होत्या आणि भोवती कोंडाळं जमलं होतं. ती वाट काढत त्याच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातातली चष्म्याची डबी त्याच्या पाठीला हलकेच लागली.

"चेहरे अप्रतिम आहेत," बाई म्हणाल्या. "एकासारखा दुसरा नाही. हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

दातकरला पाठीवरची डबी जाणवत होती.

"हो," तो म्हणाला. "एकट्यानेच."

डबी पाठीवरून दूर झाली.

बाईंना कौतुक थांबवता येईना. त्यांनी कुणाच्या तरी डब्यातला एक करडा सैनिक मागून घेतला, ब्रश आणि रंग पुढे सरकवले. "सगळ्यांना दाखवाच एकदा. डोळे कसे काढता?"

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. दातकर बसला. त्याने ब्रश बुडवला, तो कातडीच्या रंगात, आणि चेहऱ्यावर फिरवला. लॅबला सुट्टी असली की दुपारच्या उजेडात बायको कसं करते ते त्याने इतकी वर्षं समोर बसून पाहिलं होतं. पण हात स्वतःच्या जुन्या सवयीने गेला.

"आधी कातडी?" बाईंनी हळूच विचारलं. त्यांनी निशाणवाला पुन्हा उचलला, भिंगाखाली धरला. "यात तर डोळे आधीचे आहेत. कातडी वरून आलीय."

दातकरला वाटलं, भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. वर बघायची हिंमत होईना. समोर वटारलेले डोळेसुद्धा नसलेला, नुसता गुलाबी गोळा होता.

तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. "चष्मा विसरले होते ते. चष्म्याशिवाय असाच गोंधळ होतो त्यांचा." तिने पुढे हात करून डबी टेबलावर ठेवली. तोच आवाज होता. लॅबचं काम आहे, ओलं आहे, हात नका लावू.

माणसं हसली, सैल झाली. परीक्षकबाई हसल्या नाहीत. डबी ठेवणाऱ्या हाताच्या नखाशी कातडीच्या रंगाचा एक वाळलेला ठिपका होता, तिकडे त्यांनी बघितलं. मग दातकरकडे बघितलं. "असू दे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

चषक तरीही त्यालाच मिळाला. तो नाकारायचं धाडससुद्धा त्याच्यात नव्हतं. बसमध्ये बायको खिडकीशी बसली, तो शेजारी, मांडीवर चषक. एका बाईने विचारलं, "कशाचं हो बक्षीस?" बायकोने उत्तर दिलं, "यांच्या कामाचं." दातकरने चषक पिशवीत घातला, पण पिशवी लहान होती आणि चषकाचे कान बाहेर राहिले.

बायकोने अबोला धरला नाही. भांडली तर नाहीच. तिने फक्त चेहरे रंगवणं सोडलं. "डोळे दुखतात आता," ती म्हणायची आणि त्याच डोळ्यांनी काळ्या कोटावर काळ्या धाग्याने रफू करत बसायची. दातकर नवी तुकडी जोडायचा, चिलखतं रंगवायचा आणि खिडकीशी ठेवून द्यायचा. दुपार सरायची, सैनिक तसेच. काही दिवसांनी तो ते गुपचूप उचलून कपाटात ठेवायचा. चकचकीत चिलखतात करड्या तोंडांची रांगच्या रांग उभी राहिली. त्याने स्वतः एकदा प्रयत्न केला, डोळे आधी करून. जमलं नाही म्हणून पुसून टाकले.

शेवटी एका रविवारी त्याने मन घट्ट केलं. क्लबात सगळे जमल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या फौजेचे चेहरे मी काढलेले नाहीत. एकही नाही. सगळे माझ्या बायकोने काढलेत. मी खोटं बोललो. चषक परत आणलाय."

कुणीतरी टाळी वाजवली. "वा! बायकोला श्रेय द्यावं तर असं!" "घरी काहीतरी भानगड झालेली दिसते," दुसरा म्हणाला. "आम्हीही सांगत जाऊ आता, सगळं हिनेच केलं म्हणून." हशा पिकला. दातकर शपथा घेऊ लागला, तसे ते आणखी हसले. ज्याने जिवंत डोळे काढले तो माणूस वर इतका विनयशीलही आहे, या आनंदात त्यांनी चषक पुन्हा त्याच्या हातात कोंबला.

तो घरी आला. बायको दिव्याशी बसली होती, मांडीवर कुणाची तरी शाल. आज तिने काय म्हणाले ते विचारलं नाही. त्यानेच सांगितलं.

"त्यांना सांगितलं मी. चेहरे तुझे आहेत म्हणून."

सुई थांबली. "मग?"

"हसले. कुणाचा विश्वास बसेना."

"बसेल कसा? इतकी वर्षं तुम्हीच त्या खोट्यावर रंगाचे एकावर एक हात दिलेत."

"तू चल माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर काढून दाखव, म्हणजे..."

"मला कुणाला काय दाखवायचंय हो?" तिने शालीचं भोक दिव्याखाली सारखं केलं. "त्या बाईंनी विचारलं ना, एकट्याने केलंत का म्हणून, तेव्हा मी तुमच्या पाठीशीच होते. नाव सांगा असंही मनात आलं नाही माझ्या. क्लबाचा नियम मलाही माहीत आहे. म्हटलं, नुसतं एकदा मागे वळून बघतील. तेवढं पुरलं असतं मला."

तिने धागा ओढला आणि दाताने तोडला. दातकर चषक ठेवायला कपाटाशी गेला. काचेआड पहिल्या रांगेत तो स्वार होता, त्याचंच नाक, त्याच्याच भुवया, खांद्यावरून मागे बघत, तिने रंगवला त्या दिवसापासून. दातकरला त्याच्या नजरेला नजर देववेना. त्याने चषक खाली जमिनीवर ठेवला आणि कपाट न उघडताच परत आला.