तो ड्रायव्हर कुणी काढला

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. कॉलेजनं दिलेलं सन्मानपत्र पाहुण्यांना ती कौतुकानं दाखवते, आणि मी काहीतरी निमित्त काढून आत जातो. आज तुम्हाला सांगतो. का सांगतो — ते मलाही नीट कळत नाही.

परभणीच्या एका कॉलेजात संगणक विभाग माझ्याकडे आहे. सुजाता मॅडम माझ्या हाताखाली लॅब असिस्टंट होत्या, कंत्राटावर. रोज पोखर्णीहून एसटीनं यायच्या. बसमध्ये मोबाईलवर संगणक-सुरक्षेच्या सूचना वाचायच्या — इंग्रजीतल्या, अडलेला शब्द वहीत लिहून घेत. मी त्या सूचना कधी उघडल्या होत्या का? नाही.

एका सकाळी त्यांनी मला विद्यार्थ्याच्या साध्या लॉगिनवर बसवलं. एक छोटा प्रोग्राम चालवला, आणि दोन मिनिटांत ते मशीन पूर्ण त्यांच्या ताब्यात. मग ऑफिसातल्या मशीनवर तेच करून दाखवलं. मुलांच्या अंतर्गत गुणांची फाइल समोर उघडी!

"सर, हे कोणाला बी जमंल," त्या म्हणाल्या.

दोष स्कॅनरच्या ड्रायव्हरमध्ये होता. ड्रायव्हर म्हणजे यंत्राला संगणकाशी जोडणारा प्रोग्राम. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतून चालतो; हुकूम कोण देतंय हे त्यानं तपासायला हवं. हा तपासतच नव्हता. आणि तो लॅबमधल्या, ऑफिसातल्या मिळून साठही मशीनवर बसवला होता — मी. एका मशीनची नक्कल सगळीकडे उतरवताना. म्हणून मी काय म्हणालो? "कंपनी अपडेट देईल, तुम्ही हात लावू नका."

"सर, स्कॅनर एक हाय अन् ड्रायव्हर साठ मशीनवर. बाकीच्यांवरून काढूनच टाकू की."

इतकं सरळ! मला का सुचलं नव्हतं? अखेर मी नाइलाजानं हो म्हणालो. त्यांनी आधी एकाच मशीनवरून ड्रायव्हर काढला आणि आठवडाभर पाहिलं. तेव्हा लक्षात आलं, की कुणी स्कॅनरची वायर जोडली तर तो आपोआप परत बसतो. मग तो फिरून बसणारच नाही अशी बंदी त्यांनी प्रत्येक मशीनवर घातली. ऑफिसातलं स्कॅनरचं मशीन नेटवर्कमधून काढलं, गुणांची फाइल तिथून हलवली, लॉगिन फक्त एका क्लार्कला ठेवलं. एकाही तासिकेचा खोळंबा झाला नाही. मी वीस वर्षं या धंद्यात आहे — इतकं नेटकं काम मी पाहिलं नव्हतं. आजही पाहिलेलं नाही.

अहवाल मी लिहिला. खाली नाव — माझं एकट्याचं. सभेत प्राचार्यांनी माझं कौतुक केलं, ते सन्मानपत्र दिलं, टाळ्या झाल्या. मॅडम मागच्या रांगेत होत्या, त्याही टाळ्या वाजवत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं ते एवढंच: "सर, लायब्ररीतलं जुनं मशीन राह्यलंय. उद्या करू का?"

पण खरी गोष्ट ही नाही. श्रेय तर किती जण ढापतात — असं मी मनाला समजावलंही असतं.

वर्षअखेरीला मॅडमच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचा फॉर्म माझ्याकडे आला. त्यात एक रकाना होता: वर्षभरात केलेलं विशेष काम. खरं लिहिलं असतं तर माझा अहवाल खोटा ठरला असता. पेन हातात धरून मी किती वेळ बसलो — पाच मिनिटं? दहा? मग लिहिलं, "विशेष काही नाही." त्या वर्षी एक जागा कमी करायची होती. त्यांची गेली.

पुढं कंपनीनं त्या ड्रायव्हरबद्दल सूचना काढली. अपडेट येईपर्यंत काय करावं, ते तिच्यात टप्प्याटप्प्यानं दिलं होतं. मॅडमनी केलं होतं तेच, त्याच क्रमानं. सूचना वाचून मी दार लावून घेतलं.

मागच्या महिन्यात त्या मला मानवतच्या बसस्थानकावर भेटल्या. तिथल्या एका शाळेत संगणक शिकवतात. स्वतःहून जवळ आल्या, घरच्यांची चौकशी केली.

"सर, नवीन मशीनी आल्या म्हणं. ड्रायव्हर तपासून घ्या हं."

त्या फॉर्मवर काय लिहिलं होतं, हे त्यांना माहीत नाही. मी समोर उभा होतो, गाडीला अजून वेळ होता. "घेतो," एवढंच म्हणालो.